आधी दुखलं, मग उलटी झाली : साडेचार वर्षांच्या मुलाच्या पोटदुखीचं एक प्रकरण

केसपेपरवर माझ्याच अक्षरात लिहिलंय : ‘उलट्या २, जुलाब ४, पोटदुखी, ताप थोडा. वजन १६ किलो.’ खाली निदान : गॅस्ट्रो.

ही ओळ मी नंतर कितीतरी वेळा वाचली. तिच्यात खोटं काहीच नाही, फक्त क्रम चुकलाय. या मुलाचं पोट पहाटे चारला दुखायला लागलं होतं. पहिली उलटी झाली सकाळी दहाला आणि जुलाब सुरू झाले दुपारी. मी मात्र उलट्या आधी लिहिल्या, पोटदुखी शेवटी टाकली, आणि ज्या क्रमाने लिहिलं त्याच क्रमाने विचार केला. मूल घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी रात्री दहाला ते परत आलं, तेव्हा अपेंडिक्स फुटलेलं होतं.

हे प्रकरण मी बालरोगतज्ज्ञ म्हणून लिहितेय. नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेल्यांना त्याचा उपयोग होईल, आणि आईवडिलांना तर नक्कीच होईल, कारण निदानाचा निम्मा मसाला त्यांच्याकडेच असतो. मुलाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आजाराचा घटनाक्रम मात्र जसा घडला तसाच ठेवलाय.

पहिली भेट, संध्याकाळी पाच वाजता

त्या आठवड्यात जुलाब-उलट्यांची मुलं रांगेने येत होती. त्या दिवशी याच्या आधी मी तशी सहा-सात तपासली असतील. हा आत आला तो आईचा हात धरून, चालत. तपासणीच्या टेबलावर स्वतः चढला. ताप १०० फॅरनहाइट, नाडी मिनिटाला ११८, जीभ जराशी कोरडी. ‘कुठे दुखतंय बाळा?’ विचारलं तर त्याने अख्खा पंजा बेंबीवर ठेवला. पोट मऊ होतं. दाबलं की सगळीकडेच थोडं दुखत होतं, एका जागी असं नाही. आतड्यांचे आवाज भरपूर येत होते. दुपारपासून चार वेळा संडास झाली, सकाळपासून काही खाल्लं नाही, असं आईने सांगितलं.

मी ओआरएस दिलं, उलटीचं औषध दिलं, तापासाठी पॅरासिटामॉल लिहिलं आणि म्हटलं, ‘दोन दिवसांत बरा होईल. जास्त वाटलं तर आणा.’

या भेटीत चार गोष्टी राहिल्या. दुखणं आधी की उलटी आधी, हे विचारलं नाही. जुलाब किती वेळा ते विचारलं, केवढे ते विचारलं नाही. मुलाला उडी मारायला सांगितली नाही. आणि ‘जास्त वाटलं तर’ या शब्दांत आईला धरून ठेवता येईल असं काहीच नव्हतं. काय जास्त? दुखणं, ताप, जुलाब? किती जास्त? दवाखान्यातून निघताना आईवडिलांना याहून निरुपयोगी सूचना देता येत नसेल.

क्रम एवढा महत्त्वाचा का

पोटाच्या आतल्या अवयवांना नेमकी जागा सांगता येत नाही. आतडं फुगलं, ताणलं गेलं, त्याला सूज आली, की त्याची खबर मज्जारज्जूपर्यंत पोचते, पण ती मोघम असते. जठर आणि त्याच्या आसपासचं दुखणं बेंबीच्या वर जाणवतं. लहान आतडं, अपेंडिक्स आणि मोठ्या आतड्याचा पहिला भाग बेंबीभोवती दुखतो, शेवटचा भाग ओटीपोटात. अपेंडिक्सच्या संवेदना मज्जारज्जूत साधारण ज्या पातळीवर शिरतात, त्याच पातळीवर बेंबीच्या आसपासच्या त्वचेच्या संवेदनाही येतात. म्हणून सूज उजव्या बाजूला खाली असली तरी मूल बेंबीच दाखवतं. ते खोटं बोलत नसतं. त्याला खरंच तिथे दुखतं.

काही तासांनी सूज अपेंडिक्सच्या भिंतीतून बाहेर येते आणि पोटाच्या आतल्या अस्तराला लागते. या अस्तराच्या नसा वेगळ्या, नेमकी जागा सांगणाऱ्या. मग दुखणं ‘सरकतं’, बेंबीवरून खाली उजवीकडे. हालचाल झाली की, खोकलं की, गाडीला गचका बसला की ते अस्तर ओढलं जातं आणि मूल कळवळतं.

आता गॅस्ट्रो बघा. तिथे जंतूंनी जठराला आणि आतड्याला एकदमच घेरलेलं असतं. मूल बहुतेक वेळा आधी ओकतं, मग जुलाब लागतात, आणि पोटात मुरडा येतो तो संडासच्या आधी. संडास झाली की थोडा आराम पडतो. अपेंडिक्समध्ये आधी दुखतं, भूक मरते, आणि उलटी त्यामागून येते. हा नियम शंभर टक्के पाळला जातो असं नाही, लहान मुलांत तर नाहीच. पण पोटदुखीच्या मुलाला विचारायचा एकच प्रश्न निवडा असं कोणी म्हटलं, तर मी हाच निवडेन : आधी काय झालं?

मधले एकोणतीस तास

आईने नंतर सांगितलं त्यावरून मी हे जुळवलं. पहिल्या रात्री तो कण्हत होता, झोप तुटक लागली. सकाळी ताप १०१. ओआरएस घोट घोट घेत होता. संडासला सारखा बसत होता. दुपारी दोनच्या सुमारास एकदम शांत झाला, कुशीवर पडून राहिला, पाय पोटाशी घेऊन. घरच्यांना हायसं वाटलं. आजी म्हणाली, औषध लागू पडलं.

अपेंडिक्स बहुधा याच सुमाराला फुटलं असावं. आत कोंडलेला दाब सुटला की तासा-दोन तासांसाठी दुखणं कमी होऊ शकतं. पण शांत पडलेलं प्रत्येक मूल बरं झालेलं नसतं. आतड्याची कळ येणारं मूल तळमळतं, या कुशीवरून त्या कुशीवर होतं, कडेवर घ्या म्हणतं. अस्तराला सूज आलेलं मूल हलत नाही, कारण हललं की दुखतं. आवडता खेळ समोर ठेवला तरी हात पुढे न करणारं, टीव्हीकडेही न बघणारं, एका कुशीवर आवळून पडलेलं मूल मला रडणाऱ्या मुलापेक्षा जास्त काळजीत टाकतं.

संध्याकाळी ताप १०१.५ वर गेला. रात्री बाबांनी उचलून घेतलं तेव्हा तो किंचाळला. तेव्हा ते निघाले.

दुसरी भेट, रात्री दहा वाजता

या वेळी तो चालत आला नाही. बाबांच्या खांद्यावर होता, उजवा पाय गुडघ्यात दुमडलेला. टेबलावर ठेवताना त्याने बाबांचा शर्ट सोडला नाही. नाडी १४८, श्वास मिनिटाला ३४, ओठ सुकलेले. मी खुर्ची ओढून बसले आणि कालचा केसपेपर बाजूला ठेवून पहिल्यापासून विचारलं.

‘अगदी सुरुवातीला काय झालं होतं? उलटी की दुखणं?’

‘दुखणं,’ आई लगेच म्हणाली. ‘पहाटे चारला उठवलं त्याने मला. उलटी पार दहाला झाली.’

‘आणि जुलाब म्हणजे केवढे? पाण्यासारखे भसाभस, की थोडे थोडे?’

‘चमचाभर हो. बसतो, कुंथतो, जरासं चिकट पडतं. परत पाच मिनिटांनी म्हणतो, आई, संडासला. शू पण सारखी सारखी लागतेय.’

त्या दोन उत्तरांनी माझ्या डोक्यात निदान जवळजवळ पक्कं झालं. काहींचं अपेंडिक्स नेहमीच्या जागी न राहता खाली कटीभागात लोंबतं, गुदाशयाला आणि मूत्राशयाला टेकतं. त्याला सूज आली की गुदाशय चाळवतो आणि सारखी संडास लागल्यासारखी वाटते. मूत्राशय चाळवतो आणि शू लागते. हे जुलाब गॅस्ट्रोचे नसतात. गॅस्ट्रोत संडासचं प्रमाण मोठं असतं, मूल भराभर सुकतं. इथे खेपा जास्त आणि पडतं चमचाभर. मी काल खेपा मोजल्या होत्या.

तपासणी कशी केली तेही सविस्तर सांगते. दुखणाऱ्या पोटावर परका थंड हात पडला की कोणतंही मूल पोट ताठ करतं. मग खरा ताठरपणा कुठला आणि भीतीचा कुठला, ते कळत नाही. मी हात चोळून गरम केले. त्याचा तळहात त्याच्या पोटावर ठेवला, माझा त्यावर, आणि म्हटलं, ‘तूच दाब, मी फक्त मदत करते.’ सुरुवात डावीकडे वरून केली, दुखत असेल अशा जागेपासून सगळ्यात लांब. नजर पोटावर नाही, चेहऱ्यावर. वरचं पोट : काही नाही. बेंबी : थोडं. उजवीकडे खाली, बेंबी आणि कमरेचं हाड यांच्यामध्ये चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये दाखवलेल्या त्या प्रसिद्ध जागी : फारसं नाही. अगदी खाली मधोमध, चड्डीच्या इलॅस्टिकच्या आत हात गेला तेव्हा त्याच्या भुवया आक्रसल्या आणि दुसऱ्या हाताने त्याने माझं मनगट घट्ट धरलं. नंतर स्टेथोस्कोप ठेवून, ‘आवाज ऐकते हं,’ म्हणत तीच जागा हलकेच दाबली. पुन्हा तेच. मी नुसतं नळीने ऐकतेय असं मूल समजतं, म्हणून या वेळची खूण जास्त खरी असते.

‘खाली उतरून एक उडी मारून दाखवशील?’ विचारलं. बाबांनी त्याला उभं केलं. तो पोट धरून, कमरेत वाकून उभा राहिला आणि मान हलवली. नाही म्हणाला.

अपेंडिक्स जवळजवळ पक्कं वाटत असतानाही पाच मिनिटं बाकीच्या शरीराला दिली. छाती ऐकली, कारण फुप्फुसाच्या खालच्या भागातला न्यूमोनिया मुलांमध्ये पोटदुखी म्हणून येतो आणि भलतीकडे नेतो. घसा बघितला. नडग्यांवर आणि नितंबांवर जांभळे उठावदार ठिपके शोधले, सांधे बघितले, कारण लहान रक्तवाहिन्यांच्या एका आजारात पोटदुखी पुरळाच्या आधीसुद्धा येते. जांघेत हर्निया अडकलेला नाही आणि दोन्ही वृषणं जागेवर, न सुजलेली आहेत, हे पाहिलं. मुलगे लाजेने पोट सांगतात आणि पिळलेल्या वृषणाचे मोलाचे पहिले सहा तास निघून जातात. बोटाला टोचून साखर तपासली. आधी निदान न झालेला बालमधुमेह उलट्या, पोटदुखी आणि भरभर श्वास घेऊनच दारात येतो. साखर १०४, म्हणजे ठीक होती.

दोन वर्षांच्या आतलं मूल असतं तर मी आतड्यात आतडं शिरण्याचा विचार आधी केला असता : थांबून थांबून किंचाळणं, पाय वर घेणं, मध्ये पांढरंफटक पडून राहणं. नवजात बाळाची हिरवी उलटी असती तर काहीच विचार न करता सर्जनला फोन केला असता. वय बदललं की पोटदुखीची सगळी यादीच बदलते.

वेदनाशामक आणि तपासण्या

पहिली गोष्ट केली ती म्हणजे दुखणं कमी केलं. शिरेतून पॅरासिटामॉल, किलोला १५ मिलिग्रॅम या हिशोबाने २४० मिलिग्रॅम. ‘दुखणं दाबलं तर निदान हुकेल’ हा समज डॉक्टरांतही अजून टिकून आहे. मुलांवर झालेल्या अभ्यासांत मॉर्फिनसारखं जोरकस औषध दिल्यावरही निदान बिघडलेलं दिसलेलं नाही. उलट मूल थोडं सैल पडलं की तपासणी जास्त नीट होते. या मुलाने औषधानंतर अर्ध्या तासाने पोटाला हात लावू दिला, आणि खालची ती एकच जागा तेव्हाही तेवढीच दुखरी होती.

सलाईन सुरू केलं. रक्तात पांढऱ्या पेशी १८,४००, त्यात न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पेशी) ८४ टक्के. सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी चाचणी, ९६. सगळेच आकडे वाढलेले. लघवीत सूक्ष्मदर्शकाखाली दर फील्डला १२ ते १५ पू-पेशी. हा शेवटचा आकडा धोक्याचा होता, कारण ताप, सारखी शू आणि लघवीत पू-पेशी म्हटलं की कोणीही ‘लघवीचा संसर्ग’ लिहून मोकळा होईल. पण नायट्राइट, म्हणजे लघवीत जंतू असल्याची एक खूण, निगेटिव्ह होतं. सुजलेलं अपेंडिक्स मूत्राशयाला किंवा मूत्रवाहिनीला टेकलं की लघवीत पेशी येऊ शकतात. लघवीतले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, कल्चरमध्ये, पुढे काही वाढलं नाही.

मदन सॅम्युएल यांनी २००२ मध्ये मुलांसाठी अपेंडिक्सची दहा गुणांची मोजपट्टी दिली. खोकताना, उडी मारताना किंवा ठोकून पाहताना दुखलं तर २, उजवीकडे खाली दाबून दुखलं तर २, आणि बाकी सहा गोष्टींना प्रत्येकी १ : भूक मरणं, ताप, मळमळ-उलटी, दुखणं सरकणं, पांढऱ्या पेशी वाढणं, न्यूट्रोफिल वाढणं. रात्री आमच्या मुलाचे ७ झाले. उजवीकडे खाली दुखण्याचे २ आणि सरकण्याचा १ मी दिला नाही, तरीही ७. आदल्या संध्याकाळचे मोजायला बसले तर भूक आणि उलटी असे २ भरतात, पण उडीची जागा कोरी राहते. ती मी विचारलीच नव्हती आणि आता ती भरता येणार नाही.

सोनोग्राफीत पहिल्यांदा अपेंडिक्स दिसलंच नाही. कटीभागात थोडं पाणी दिसलं, बाकी आतड्यातली हवा. इथे पुष्कळदा घोटाळा होतो. ‘दिसलं नाही’ हे ‘ठीक आहे’ असं वाचलं जातं. सलाईनने मूत्राशय भरल्यावर तासाभराने पुन्हा बघितलं. भरलेलं मूत्राशय आतड्यांना बाजूला सारतं आणि त्यातून पलीकडचं दिसतं. त्यामागे ९ मिलिमीटर जाडीची, दाबली तरी न चपटणारी नळी होती आणि तिच्यात कडक मळाचा खडा. सहा मिलिमीटरच्या वर जाडी गेली की संशय घेतात. सीटी स्कॅनची गरज उरली नाही. किरणोत्सर्ग टळला याचं समाधान वाटलं.

रात्री दोनला दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. टोकाला भोक पडलेलं, कटीभागात पू. लहान मुलांच्या पोटात आतड्यांवर असलेली चरबीची झालर पातळ आणि आखूड असते. मोठ्यांमध्ये ती जाऊन सुजलेल्या जागेला गुंडाळते, लहानांत ती पोचत नाही, म्हणून पू लवकर पसरतो. त्यात या वयाला बोलता नीट येत नाही आणि इतर आजारांची गर्दी फार. पाच वर्षांच्या आतल्या मुलांमध्ये निदान होईपर्यंत निम्म्याहून अधिक वेळा अपेंडिक्स फुटलेलं असतं, ते यामुळेच.

आईवडिलांशी बोलणं

सकाळी सर्जन राउंड घेऊन गेल्यावर मी दोघांना बाजूच्या खोलीत बसवलं आणि सांगितलं की पहिल्या दिवशी मी गॅस्ट्रो म्हटलं ते चुकलं. तेव्हा पोट मऊ होतं हे खरं, कदाचित त्या वेळी कोणालाच खात्रीने सांगता आलं नसतं हेही खरं, पण जे विचारायला हवं होतं ते मी विचारलं नाही. बाबा गप्प होते. आई म्हणाली, ‘तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.’ ती रागावून बोलली नाही. मला ते तेव्हाही लागलं आणि अजून लागतं.

त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. पोटदुखीच्या केसपेपरवर आता तक्रारींची यादी लिहीत नाही, वेळ लिहिते : पहाटे ४ दुखणं, १० उलटी, १२.३० पहिली संडास. घड्याळ लिहायला घेतलं की क्रम चुकवताच येत नाही. आणि पोट मऊ असलं, निदान साधं वाटलं, तरी पहिल्या दिवशीच्या पोटदुखीला ‘आठ ते बारा तासांनी पुन्हा दाखवा, बरं वाटलं तरी’ असं सांगते. अपेंडिक्स सुरुवातीच्या तासांत पुष्कळदा कोणाच्याही हाताला लागत नाही, दुसऱ्या तपासणीत लागू शकतं. दोन तपासण्यांमधला फरक हीच माझ्याकडची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगली चाचणी आहे.

घरी जाताना आता नेमकं सांगते. दुखणं एका जागी बसलं, चालताना मूल वाकलं, उडी मारायला नाही म्हणालं, गाडीच्या गचक्याला कळवळलं, हिरवी उलटी झाली, संडासमधून रक्त पडलं, सहा-आठ तास शू झाली नाही, किंवा मूल एकदम गप्प पडून राहिलं, तर रात्र असो की पहाट, थांबू नका.

हे वाचून कोणी घाबरून जाऊ नये. बहुतेक पोटदुख्या अशा नसतात. बद्धकोष्ठ, विषाणूमुळे सुजलेल्या पोटातल्या गाठी, साधा गॅस्ट्रो यांचीच संख्या मोठी. वारंवार येणारी पोटदुखी तर वेगळंच प्रकरण. ब्रिस्टलच्या जॉन अ‍ॅप्ली यांनी १९५८ मध्ये हजार शाळकरी मुलांचा अभ्यास मांडला, त्यात दहातल्या साधारण एका मुलाला महिनोन्‌महिने अशी दुखणी येत होती, आणि बहुतेकांत शरीरात दाखवता येईल असा दोष सापडला नाही. दुखणं बेंबीपासून जितकं लांब तितकं ते गंभीरपणे घ्या, हा ठोकताळाही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पण तो त्या जुन्या, वारंवार येणाऱ्या दुखण्यासाठी आहे. पहाटे चारला झोपेतून उठवणाऱ्या दुखण्याला तो लावायचा नाही.

मुलाला चौथ्या दिवसापर्यंत ताप येत होता. प्रतिजैविकं शिरेतून चालू होती. पाचव्या दिवशी ताप उतरला, त्याने मागून खाल्लं, सातव्या दिवशी घरी गेला. तपासणीला पाठवलेल्या तुकड्याच्या अहवालात फुटलेलं, सडलेलं अपेंडिक्स असंच आलं.

तीन आठवड्यांनी दाखवायला आला तेव्हा टेबलावर स्वतः चढला. वजन १५ किलो ७०० ग्रॅम. टाके सुकलेले. मी हात चोळून गरम करत होते, तर त्याने सदरा वर केला, माझा हात धरून आपल्या पोटावर ठेवला आणि त्यावर स्वतःचा हात ठेवून म्हणाला, ‘मी दाबतो, तू मदत कर.’